एकाच फेरीत अख्खी फळी का कोसळते? हातघाई आणि धीराच्या नियमांतला नेहमीचा घोळ

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या गटाने टेबलावर छोट्या सैनिक-बाहुल्या आणि फासे घेऊन चेरेझोलेची लढाई मांडली होती. एप्रिल १५४४, उत्तर इटलीतलं पिडमाँट. एका बाजूला काउंट आंग्यांची फ्रेंच फौज, दुसऱ्या बाजूला मार्किस देल वास्तोच्या हाताखालची सम्राट पाचव्या चार्ल्सची फौज. माझ्याकडे फ्रेंचांची मधली फळी होती. तिसऱ्या फेरीत माझ्या गॅस्कन (नैर्ऋत्य फ्रान्समधल्या) भालाइतांच्या ठोकळ्यावर, म्हणजे दाट चौकोनी तुकडीवर, तोफांचा मारा झाला आणि एक बेस, म्हणजे बाहुल्या चिकटवलेली एक पट्टी, गेला. धीराचे फासे, म्हणजे तुकडी टिकते की खचते ते ठरवणारे, टाकले, टिकलो. तेवढ्यात समोरचे लांट्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री भालाईत, चालून आले. मित्र म्हणाला, "अरे, चाल झाली, परत टाक." टाकले, टिकलो. हातघाईत एका फाशाने हरलो, त्याचे पुन्हा टाकले. तिथेही टिकल्यावर प्रश्न आला, "मघाशी बेस गेला होता, त्याचं काय?" चौथ्यांदा टाकले आणि ठोकळा मोडला. तो मोडला म्हणून डावीकडचा हलला, तो हलला म्हणून त्याच्या मागचा. पंधरा मिनिटांत अख्खी मधली फळी टेबलावरून उचलून डब्यात गेली. मांडणीला दोन तास लागले होते.

हे एकदाच घडलं असतं तर फाशांचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. पण पुस्तक कोणतंही घ्या, छापील असो की घरी लिहिलेलं, १४९४ ते १६५० च्या दरम्यानच्या लढाया खेळणाऱ्यांच्या टेबलावर हा वाद हमखास येतो. आमचे नियम मीच सांभाळतो, त्यामुळे प्रत्येक वादानंतर मी तो वहीत उतरवून ठेवतो. वही पुन्हा वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून अधिक भांडणं एकाच मुळातून उगवतात. माणसं पडणं, फळी विस्कटणं आणि धीर सुटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच फाशावर लादतो आणि वर एकाच गोष्टीचा हिशेब दोनदा करतो.

आधी शब्दांचं. इंग्रजी पुस्तकांतल्या 'राउट'ला आम्ही 'मोड' म्हणतो. 'फौजेचा मोड जाहला' हे बखरींतून आलेलं, त्यामुळे टेबलावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'मेली' म्हणजे हातघाई. 'पाइक' हे इथे पाच मीटरच्या आसपास लांबीच्या भाल्याचं नाव आहे, आपला पाईक म्हणजे प्यादा तो नव्हे. नव्या मुलांचा इथे दरवेळी गोंधळ होतो, म्हणून मी भाला आणि भालाईत एवढंच म्हणतो. तुकडीच्या चार अवस्था आहेत: घट्ट, विस्कळीत, डळमळीत आणि मोड. विस्कळीत तुकडीचे हातघाईतले एक तृतीयांश फासे जातात. डळमळीत तुकडीचे निम्मे जातात आणि तिला चाल करता येत नाही.

धीराची चाचणी दोन फाशांची. बेरीज ७ किंवा जास्त आली तर तुकडी टिकली. ४ ते ६ आली तर एक पायरी खाली, ३ किंवा कमी आली तर दोन पायऱ्या खाली.

चाचणी नक्की कधी?

सगळ्यात जास्त वेळ यावरच जातो, म्हणून थोडं गणित करतो. दोन फाशांवर ७ किंवा जास्त येण्याच्या शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे शंभरात ५८. खेळाडूला हे ठीक वाटतं, निम्म्याहून जास्त वेळा माझी तुकडी टिकणार. पण तीच चाचणी लागोपाठ दोनदा घेतली की दोन्ही वेळा टिकण्याची शक्यता शंभरात ३४ वर येते. तीनदा घेतली तर २०. चारदा, म्हणजे माझ्या गॅस्कनांसारखी, तर जेमतेम १२. प्रत्येक चाचणी सुटी पाहिली तर न्याय्य वाटते, पण चार मिळून त्या तुकडीचा खेळ संपवतात. नियम लिहिणाऱ्याने ५८ धरून तोल साधलेला असतो आणि आपण टेबलावर १२ खेळत असतो.

यावर आम्ही काढलेला तोडगा असा: चाचणी घटनेची नसते, टप्प्याची असते. एका फेरीत धीर तपासायच्या जागा दोनच. एक गोळीबाराचा टप्पा पूर्ण संपल्यावर, दुसरी हातघाईचा टप्पा पूर्ण संपल्यावर. मधे काहीही घडो, फासे हातात घ्यायचे नाहीत. तुकडीजवळ एक लाल मणी ठेवायचा, एवढंच. मणी म्हणजे 'या टप्प्याच्या शेवटी हिची एक चाचणी आहे'. दुसरं कारण घडलं तरी दुसरा मणी येत नाही.

मग जास्तीच्या कारणांना काहीच वजन नाही का? आहे. या टप्प्यात बेस गेला असेल तर १ वजा. हातघाईत दोन किंवा अधिक फाशांनी हार झाली असेल तर १ वजा. शेजारची तुकडी मोडली असेल तर १ वजा. मागे आपलीच घट्ट तुकडी उभी असेल तर १ अधिक, सेनापती सोबत असेल तर १ अधिक. पण वजाबाकी मिळून २ च्या पुढे जात नाही. २ वजा असताना टिकायला फाशांवर ९ हवे, त्याच्या शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे शंभरात २८. हे कठीण आहे आणि कठीणच असायला हवं. फरक असा की घट्ट ठोकळा एका चाचणीत वाईटात वाईट दोन पायऱ्या उतरून डळमळीत होतो. तो जागच्या जागी नाहीसा होत नाही. तुम्हाला एक फेरी मिळते, राखीव तुकडी पुढे आणायला किंवा सेनापतीला तिकडे धाडायला. खेळ त्या एका फेरीतच असतो.

चालून येणाऱ्या तुकडीची वेगळी चाचणी आम्ही पूर्ण काढून टाकली. शत्रू अंगावर येतोय याची भीती खरीच असते, पण तिची जागा हातघाईच्या निकालात आहे. अपवाद एक ठेवला आहे: कच्च्या भरतीची तुकडी. चेरेझोलेलाच फ्रेंचांच्या डाव्या अंगाला स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेरची माणसं होती. समोरची अनुभवी स्पॅनिश-जर्मन फळी चालून आली तशी त्यांनी पाठ दाखवली. अशांना चाल होताच मणी मिळतो. चाल लागण्याआधी तो फाशांनी सोडवायचा, आणि मग हातघाईच्या शेवटी त्यांना पुन्हा चाचणी नाही.

हार कुणाची, बेस कुणाचा

आता हातघाई. इथे मी एक प्रसंग जसाच्या तसा देतो, कारण वाद शब्दांवरून होतो आणि आकड्यांवरून सुटतो.

दोन ठोकळे समोरासमोर, प्रत्येकी पुढे तीन बेस आणि मागे तीन. पुढच्या बेसमागे दुसरी रांग असेल तर दोन फासे, म्हणजे दोघांनाही सहा-सहा. भाल्यासमोर भाला असल्यामुळे ४ किंवा जास्त आला की घाव लागला. गॅस्कनांचे फासे पडले ५, ४, ४, २, १, ६. चार घाव. लांट्सक्नेख्टांचे पडले ६, ३, ४, २, ५, १. तीन घाव. दर तीन घावांमागे एक बेस उचलायचा, उरलेले सोडून द्यायचे. म्हणजे लांट्सक्नेख्टांचा एक बेस गेला आणि गॅस्कनांचाही एक.

मित्राचं म्हणणं, "दोघांचा एकेक गेला, बरोबरी." चूक. बेस म्हणजे पडलेली माणसं. हार-जीत ठरते घावांवरून, म्हणजे कुणी कुणाला रेटलं यावरून. चाराला तीन, लांट्सक्नेख्ट एका फाशाने हरले. मणी फक्त त्यांना. बेस गेला म्हणून १ वजा. एकाच फाशाची हार असल्याने त्याचं काही वजा नाही. फासे पडले ४ आणि ३, सात. एक गेला, सहा. एक पायरी खाली, विस्कळीत. गॅस्कनांचाही बेस गेला, पण ते जिंकलेत, त्यामुळे हातघाईच्या शेवटी त्यांना चाचणी नाही. जिंकणाऱ्याला माणसं गेल्याचं दुःख दुसऱ्या दिवशी होतं, रेटा चालू असताना नाही.

दुसरी गफलत हमखास होते ती अशी. आपला बेस गेल्यावर खेळाडू तो लगेच उचलतो आणि मग कमी झालेल्या बेसने फासे टाकतो. हातघाई एकाच वेळी घडते. दोघांनी आधी सगळे फासे टाकायचे आणि बेस टप्प्याच्या शेवटी उचलायचे. कमी झालेल्या फाशांचा परिणाम पुढच्या फेरीपासून. मी बेस उचलण्याऐवजी तो आडवा ठेवतो, म्हणजे हातघाई संपेपर्यंत तो मोजला जातो आणि सगळ्यांना दिसतोही.

दुसऱ्या रांगेतल्या बंदुका

चेरेझोले खेळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. फ्रेंच कप्तान ब्लेझ द मोंल्युक त्या लढाईत प्रत्यक्ष होता. त्याने लिहून ठेवलंय की भालाइतांच्या पहिल्या रांगेमागे आर्केबस या जुन्या बंदुकीवाल्यांची रांग लावायची आणि अगदी भिडल्यावरच बार काढायचा अशी युक्ती फ्रेंचांनी केली. समोरच्या लांट्सक्नेख्टांनीही तीच केली होती. परिणामी दोन्हीकडच्या पुढच्या रांगा एकदमच जमीनदोस्त झाल्या.

मग हा बार गोळीबाराच्या टप्प्यात मोजायचा की हातघाईच्या? गोळीबारात मोजला तर हातघाईआधीच धीराची एक चाचणी लागते आणि चाल अर्धवट अडते. तिथे तसं झालं नाही. पुढची रांग पडली, तिच्यावरून दुसरी आली आणि रेटा सुरूच राहिला. म्हणून आमचा निर्णय असा: हा बार हातघाईचा भाग आहे आणि तो फक्त पहिल्या भिडण्यात. ज्या ठोकळ्यात अशी रांग आहे त्याला जास्तीचे दोन फासे, ३ किंवा जास्त आला की घाव. हे घाव बेस काढायला मोजायचे, हार-जीत ठरवायला नाही. माणसं पडली, पण फळी त्यामुळे मागे रेटली गेली नाही. हा नियम लिहिल्यापासून या लढाईतली मधली हातघाई आमच्या टेबलावर खूप रक्ताळलेली होते आणि तरीही तीन-चार फेऱ्या टिकते. ती तशीच व्हायला हवी.

हटणं म्हणजे मोड नव्हे

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. खेळाडू मागे सरकलेली तुकडी पाहतो आणि लगेच म्हणतो, "गेली ही, शेजारच्यांनी टाका." मागे सरकणं आणि पळणं यात फरक केला नाही तर या काळातल्या निम्म्या लढाया टेबलावर मांडताच येत नाहीत.

बिकोका, २७ एप्रिल १५२२. मिलानजवळ. फ्रेंचांच्या बाजूचे स्विस भालाईत खोलगट रस्ता आणि त्यामागच्या मातीच्या बांधावर चालून गेले. बांधामागे सम्राटाचा सरदार पेस्कारा याचे आर्केबसवाले रांगा लावून बसले होते. तीन हजारांच्या आसपास स्विस तिथे पडले, त्यांचे कितीतरी कप्तानही पडले. असं असूनही उरलेले शिस्तीत मागे आले. माणसं प्रचंड गेली, फळी फाटली, पण मोड झाला नाही. तुमच्या नियमांत एवढे बेस गेलेली तुकडी आपोआप मोडत असेल तर तुम्हाला बिकोका खेळता येणार नाही.

याच्या दहा वर्षं आधी, ११ एप्रिल १५१२ ला रावेन्ना. लढाई फ्रेंचांनी जिंकली होती. स्पॅनिश पायदळ हरून, पण रांगा न मोडता मागे निघालं होतं. फ्रेंच सेनापती गास्तों द फ्वा याने थोडे स्वार घेऊन त्यांच्यावर झेप घेतली आणि तो तिथेच मारला गेला. तरुण होता आणि लढाई त्याच्या खिशात होती. मागे हटणारं पायदळ पळणाऱ्या पायदळासारखं कापता येत नाही, हे त्याच्या मरणाने दाखवलं.

नियम असा. हातघाईत हरलेली तुकडी टिकली किंवा एकच पायरी उतरली तर ती एका बेसच्या खोलीइतकी हटते, तोंड शत्रूकडेच. हटणाऱ्या तुकडीमुळे शेजारच्यांना मणी मिळत नाही. मणी फक्त मोड झाल्यावर. जिंकणाऱ्या पायदळाला पाठोपाठ पुढे सरकायचं की नाही हे खेळाडूने ठरवायचं. चिलखती स्वारांना मात्र सरकावंच लागतं. सेनापती सोबत असेल तर एक फासा टाकायचा, ४ किंवा जास्त आला तर ते थांबतात. हटणाऱ्या घट्ट भालाइतांवर पाठोपाठ गेलेल्या स्वारांना घाव लागायला ५ हवा आणि भालाइतांना ३. आमच्यात एकाने हा आकडा फार कडक आहे म्हणून तक्रार केली होती. मी त्याला रावेन्ना सांगितली, आता तोच हा नियम नव्यांना समजावतो.

स्वार आणि भाल्यांचा ठोकळा एकमेकांत अडकून बसतात

ही तक्रार वेगळ्या प्रकारची. इथे काहीच कोसळत नाही, उलट काहीच हलत नाही. जांदार्म, म्हणजे फ्रेंचांचे जड चिलखती स्वार, ठोकळ्याला भिडतात, बरोबरी होते, पुढच्या फेरीत पुन्हा बरोबरी, आणि खेळ संपेपर्यंत दोघं नाक घासत उभे. घोडा थबकून भाल्यांसमोर उभा राहत नाही. १९ डिसेंबर १५६२ ला फ्रान्समध्ये ड्रो इथे ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) स्वारांनी राजपक्षाच्या स्विस ठोकळ्यावर पुन्हापुन्हा चाल केली. दरवेळी स्वार घुसले, बाहेर पडले, आणि स्विस पुन्हा एकत्र आले. चेरेझोलेला आंग्यांनेही डाव्या अंगाला अनुभवी स्पॅनिश-जर्मन ठोकळ्यातून स्वार घालून बाहेर काढले आणि फार मोठी किंमत मोजली.

म्हणून पहिल्या भिडण्यात स्वारांनी ठोकळा मोडला नाही तर टप्प्याच्या शेवटी ते सुटे होतात आणि आपल्या हालचालीच्या निम्मं अंतर मागे येतात. जिंकले असतील आणि ठोकळा विस्कळीत असेल तर पलीकडे निघायचं की मागे यायचं हे स्वारांच्या खेळाडूने निवडायचं. ठोकळा जागेवरच राहतो आणि आपल्या फेरीत सावरायचा प्रयत्न करू शकतो. पुढच्या फेरीत स्वार हवे तर परत येतील. या एका बदलाने स्वारांचा खेळच बदलतो: चाल कधी करायची याच्याइतकंच दोन चालींच्या मधे ठोकळ्याला सावरू कसं द्यायचं नाही हे महत्त्वाचं ठरतं, आणि त्यासाठी बंदूकवाले सोबत आणावे लागतात.

बगल

थोडक्यात. बगलेवर चाल झाली की नाही हे भिडल्याच्या जागेवरून ठरत नाही, चाल सुरू झाली त्या जागेवरून ठरतं. शत्रूच्या पुढच्या रांगेची रेष दोन्हीकडे वाढवा. मी त्यासाठी शिवणाचा दोरा ठेवतो, मोजपट्टीने बेस हलतात. चाल करणारी तुकडी सुरुवातीला पूर्ण त्या रेषेमागे असेल तरच बगल. लागलेला बेस कोपऱ्याला टेकला का बाजूला, यावर वाद घालायचा नाही.

बगलेवरचा घाव चाचणी मागत नाही. तो तुकडीला तिथल्या तिथे एक पायरी उतरवतो आणि मग फासे पडतात. तुकडीतला माणूस शूर आहे का, हा प्रश्नच येत नाही. त्याच्या हातातला लांब भाला समोर रोखलेला आहे आणि गर्दीत तो वळवता येत नाही. चेरेझोलेच्या मधल्या हातघाईत फ्रेंच जांदार्म लांट्सक्नेख्टांच्या बगलेत शिरले आणि तिथून ती फळी उलगडली.

शेजारचा पळाला की सगळेच पळतात

माझी मधली फळी डब्यात गेली ती शेवटी यामुळे. एक मोडला, त्याने दोघांना चाचणी दिली, त्यातला एक मोडला, त्याने आणखी दोघांना. हे सगळं एकाच टप्प्यात, एका दमात.

मी याचं उत्तर ब्राइटेनफेल्डमध्ये शोधलं. १७ सप्टेंबर १६३१, लाइपझिगच्या उत्तरेला. स्वीडनचा राजा गुस्तावस अॅडॉल्फस याच्या डाव्या अंगाला सॅक्सनीची मित्रफौज उभी होती. ती उधळली आणि अख्खी निघून गेली. स्वीडिश फळीची बगल उघडी पडली. शेजारचा पळाला की आपणही पळायचं, हा नियम खरा असता तर लढाई तिथेच संपली असती. झालं उलट. स्वीडिश सरदार गुस्ताव होर्नने आपली डावी बाजू काटकोनात वळवून नवी आघाडी उभी केली आणि संध्याकाळपर्यंत सम्राटाच्या बाजूच्या टिलीची फौज मोडली.

त्यावरून तीन गोष्टी ठरवल्या. सहा इंचांच्या आत आणि डोळ्यांना दिसणाऱ्या मोडाचाच परिणाम होतो. कच्च्या तुकडीच्या मोडाचा अनुभवी तुकडीवर परिणाम होत नाही. जुन्या सैनिकाला त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाच नव्हती. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची: एका टप्प्यात झालेल्या मोडाचे मणी पुढच्या टप्प्याच्या शेवटी सोडवायचे. म्हणजे हातघाईत कुणी मोडला तर शेजाऱ्यांना मणी मिळेल, पण त्याचे फासे पुढच्या फेरीच्या गोळीबारानंतर पडतील. मधे दोन्ही बाजूंना आपापले हुकूम आणि हालचाल मिळते. होर्नला मिळालेला वेळ हाच.

साखळी तुटत नाही. ती सावकाश चालते आणि शहाणा खेळाडू तिच्या वाटेत राखीव तुकडी आणून उभी करू शकतो.

सेनापती पडला तर?

काही पुस्तकांत सेनापती पडला की सगळ्या तुकड्यांना एकदम चाचणी. हे कधी खरं आहे, कधी नाही. १५६५ च्या जानेवारीत राक्षसतागडीला रामराय पकडला गेला, त्याचं मस्तक अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या बाजूने उंच धरलं आणि विजयनगरची अफाट फौज फुटली. याउलट नोव्हेंबर १६३२ मध्ये ल्युट्झेनला खुद्द गुस्तावस अॅडॉल्फस मारला गेला. धुकं आणि धूर होता, बातमी हळूहळू पसरली, त्याचा सरदार बर्नहार्ड याने सूत्रं हातात घेतली आणि स्वीडिश फौजेने लढाई निभावून नेली.

फरक आहे तो दिसण्याचा. म्हणून सेनापती पडला की सहा इंचांतल्या तुकड्यांना त्याच टप्प्यात मणी. बाकीच्यांना बातमी फेरीला बारा इंच या वेगाने पोहोचते, आणि दुसरा सरदार त्याआधी एखाद्या तुकडीशी जाऊन पोहोचला तर तिला चाचणी नाही. धुक्याची लढाई असेल तर बारा ऐवजी सहा इंच.

बातमीचा हाच हिशेब आम्ही अख्ख्या फौजेच्या धीरालाही लावला. निम्म्या तुकड्या मोडल्या की फौज हरली, असं पूर्वी होतं. त्यात जिंकत असलेल्या तुकड्याही एकदम पळायच्या. चेरेझोलेला फ्रेंचांच्या डाव्या अंगाला ते अनुभवी स्पॅनिश आणि जर्मन आंग्यांच्या स्वारांना पुरून उरले होते. लढाई हातची गेली असं खुद्द आंग्यांला वाटत होतं. मग मधे लांट्सक्नेख्ट मोडल्याची बातमी आली आणि न हरलेली ती फळी मागे निघाली. पळाली नाही, निघाली. पुढे तिला चारी बाजूंनी गाठलं, हा भाग वेगळा.

आता फौजेचा धीर सुटला की मोडलेल्या आणि डळमळीत तुकड्या पळतात. घट्ट आणि विस्कळीत तुकड्यांना बातमी पोहोचली की त्या शत्रूकडे तोंड ठेवून आपल्या कडेकडे हटू लागतात आणि त्यांना चाल करता येत नाही, एवढंच.

हे सगळं धरून परवा तीच लढाई पुन्हा मांडली. गॅस्कनांना तोफांचा मार बसला, एक मणी, एक चाचणी, विस्कळीत. सावरले, भिडले, चार फेऱ्या रेटत राहिले. सातव्या फेरीत बगलेतून जांदार्म आले आणि लांट्सक्नेख्ट मोडले. मित्राचे स्पॅनिश तोवर दुसऱ्या टोकाला माझे स्वार तीनदा परतवून घट्ट उभे होते. त्याने बातमीचे इंच मोजले, ठोकळा उचलला आणि एका बेसइतका मागे ठेवला, भाले माझ्याकडेच रोखलेले. मग दर फेरीला एकेक बेस. टेबलाची कड गाठायला त्याला अजून अकरा इंच होते, आणि माझ्याकडे धड एकच स्वारांची तुकडी उरली होती. तिला मी पाठवलं नाही.